भावाची लेक

"मंग मले एक सांग आत्या, तुहं माहेर कोनतं?" सोजराबाईनं विचारलं.

झुंबरबाईनं मिरचीच्या झाडातून मान वर केली नाही. "काऊन, तुले ठाव नाही? जे तुहं, तेच माहं."

"मंग माह्या किसनाचे हातपाय दुखले का तू म्हनतं, सोजरीनं माहेरचं नासकं रक्त आनलं. ते माहेर कोनाचं व?"

बांधावर नारळ घेऊन बसलेले उकंडराव खाकरले. ते सोजराबाईचे वडील, झुंबरबाईचे सख्खे भाऊ. म्हणजे झुंबरबाई सोजराची सासू खरी, पण त्याआधी आत्या. "भावाची लेक आनली, परकी नाही आनली," असं साऱ्या गावात मिरवून तिनं सोजराला सून करून घेतली होती. आज उकंडराव आले होते ते धाकट्या शालूचं, सोजराच्या दिराशी, निवृत्तीशी लग्न पक्कं करायला. दुसरी लेकही त्याच घरात.

किसना दोन वर्षांचा झाला अन् त्याच्या हाडांत कळा सुरू झाल्या. डोळे पिवळे, पोट्टं गुरासारखं हंबरायचं. अंगारे झाले, पोटावर डाग देऊन झाले. मागच्या महिन्यात सोजराबाईनं मलकापुरात रेल्वे धरली अन् त्याला नागपूरला नेलं. डॉक्टरनं बोटातून थेंबभर रक्त काढलं, काचेवर घेतलं अन् तिलाच भिंगातून पाहायला लावलं.

"रक्तातल्या पेशी गोल असतात, बाई. तुमच्या मुलाच्या वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक नसांत अडकतात. म्हणून दुखतं."

"माह्याच्यानंच झालं का हे?"

"एकट्या आईकडून ही बिमारी होतच नाही. डागी बी दोघांकडून यावं लागतं. एकच आलं तर माणूस धडधाकट राहतो, त्याला पत्ताही नसतो. दोघांकडे असलं तर दर खेपेला चारातल्या एका लेकराचा धोका. एकाच घराण्यात लग्नं झाली, की तेच बी दोन्हीकडून भेटतं."

"इलाज?"

"पाणी भरपूर पाजा, थंडीला जपा. फारच झालं तर दुसऱ्याचं रक्त देतात. पण तेही उसनं, त्या पेशी काही महिन्यांत मरतात. रक्त तयार होतं हाडातल्या मगजात. तो मगज बदलता आला, नाहीतर तिथलं बीच दुरुस्त करता आलं, तर मुळातून बरं होईल. बाहेरच्या देशांत विचार चालू आहे. आज माझ्या हातात नाही."

हे सारं सोजराबाईनं आज मिरच्या तोडता तोडता वडिलांना सांगितलं. "म्हनून म्हनतो बाबा, आधी शालूचं अन् निवृत्तीचं रक्त तपासा. मंग नारळ."

"येडी झाली का?" उकंडराव भडकले. "पोरीचं रक्त तपासलं हे गावात समजलं तं तिले कोन करन? अन् एवढं भ्याचं काय हाय? झुंबरचा थोरला गेला, पन बाकीचे जगलेच ना? तुहा नवरा धट्टाकट्टा हायच ना?"

सोजराबाईचा हात थांबला. "थोरला तं साप चावून गेला ना?"

झुंबरबाई पिकली मिरची सोडून हिरवीच तोडत राहिली.

"आत्या?"

"याच कळा व्हत्या," शेवटी उकंडरावच म्हणाले. "मीच त्याले खांद्यावर घेऊन वैद्याकडे न्यायचो."

"म्हंजे मले या घरात देतानी तुमाले ठाव व्हतं?"

"आमाले वाटलं, एखाद्याच लेकराचं नशीब असते. घरची पोरगी घरात राह्यली, एवढंच पाह्यलं."

"अन् तू, आत्या? सारं ठाव असून मलेच नासकी म्हनत राह्यली?"

"सोजरे, अवं मी तुले लेकीवानी—"

"लेकीले कोनी सापाची खोटी गोठ सांगत नाही." ती वडिलांकडे वळली. "निवृत्तीले म्या सकाळीच सांगतलं. तो म्हनते, आधी रक्त. उद्या मोताळ्याच्या बाजारात शालू भेटन, तिलेही सांगतो."

"मंग माहेराची वाट इसर."

"इसरली."

उकंडरावांनी नारळ धोतराच्या सोग्यात घातला अन् मागं न पाहता बांध उतरले. झुंबरबाई डोळ्याला पदर लावू लागली.

"मिरचीचे हात हायेत, डोये चोळू नोको," सोजराबाई म्हणाली. बाजाराचं पोतं अजून अर्धं रिकामं होतं. तिनं ओटी कसली, आत्याची ओळ सोडून पलीकडची धरली अन् तोडायला लागली.