जाळीच्या आतली चवळी

निर्मळ गावात देवळामागच्या रस्त्याने थोडं आत गेलं की केळीच्या दोन बागांमध्ये जयवंत राऊतांची वाडी लागते. वांगी, मिरची, टोमॅटो यांची रोपं तयार करून विकायची, हा त्यांचा तरुणपणापासूनचा व्यवसाय. त्यांचा मुलगा जितेंद्र बोळिंजला आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. गच्चीतल्या कुंड्यांसाठी मी दरवर्षी जयवंतभाऊंकडूनच रोपं आणतो. पुढची हकीकत काही त्यांच्या तोंडून कळली, काही जितेंद्रच्या.

वाडीतली कामं नवरा-बायकोने लग्नानंतर लगेच वाटून घेतली होती. माती भुसभुशीत करणं, वाफे बांधणं, पाणी देणं जयवंतभाऊंकडे आणि पान उलटून बघणं मीराताईंकडे. कोवळ्या रोपांवरचे किडे बहुतेक पानाच्या खालच्या अंगाला बसतात. वरून रोप हिरवंगार दिसतं आणि आठवड्यात मान टाकतं. मीराताई रोज सकाळी वाफ्यांमधून वाकून फिरायच्या. मावा आहे, फुलकिडे आहेत की पांढरी माशी, ते त्यांना बोट लावताच समजायचं. शिवाय प्रत्येक वाफ्याभोवती त्या चवळीची एक ओळ पेरायच्या. मावा आधी चवळीवर जातो. त्याला खायला लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे येतात आणि मग तेच शेजारची रोपंही राखतात. निर्मळमधल्या जुन्या बायका हे असंच करत आल्या.

मीराताई गेल्या, त्यानंतरच्या हंगामात निम्मी रोपं वाया गेली. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण पुढच्या वेळी त्यातली बरीचशी दुसरीकडे गेली. यंदा गणपतीत जितेंद्रने विषय काढलाच.

"बाबा, किती दिवस एकटे राहणार इथे? तिकडे खोली आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे."

"तुमच्या बागेत काय पिकतं?"

"काही पिकत नाही. लोक चालतात."

"गोल गोल?"

"हो, गोल गोल. चेष्टा पुरे. हे बघा, या हंगामात रोपं नीट निघाली तर मी पुन्हा बोलणार नाही. नाही निघाली, तर मात्र बॅग भरायची."

जयवंतभाऊ म्हणाले, "भरीन."

त्यांना वाडी सोडायची नव्हती. घराच्या प्रत्येक कोपऱ्यात मीराताईंचा हात फिरलेला होता आणि वाफ्यांत काम करताना तरी दिवस सरत होता. जितेंद्रही काही वाईट मुलगा नाही. बोलून झाल्यावर त्यानेच फोनवरून बारीक विणीची पांढरी जाळी मागवली आणि एका रविवारी स्वतः येऊन वाफ्यांवर बांबू वाकवून ती बसवून दिली. कडा मातीत दाबल्या. "आता किडा आत शिरणारच नाही," तो म्हणाला. जयवंतभाऊंच्या डोळ्यांना आताशा बारीक दिसत नाही, त्यांनाही हे बरं वाटलं.

जाळी लावण्याआधी त्यांनी नेहमीप्रमाणे वाफ्यांच्या कडेने चवळी पेरली होती. ती ओळ त्यांनी जाळीच्या आतच ठेवली. बाहेर काढायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मीरा लावायची, तिथेच ती लागली.

जाळीमुळे वाडीत एक नवीन शांतता आली. पूर्वी सकाळी कुणी ना कुणी वाफ्याशी येऊन उभं राहायचं, पानं बघायचं, दर विचारायचं. आता पांढऱ्या कापडाखाली काय चाललंय ते बाहेरून दिसेना, त्यामुळे कुणी थांबेना. जयवंतभाऊ सकाळी कड उचलून झारीने पाणी घालत, पुन्हा कड दाबत आणि ओसरीवर जाऊन बसत. जेवण एकदाच करायचे. संध्याकाळी तेच गरम करायचे.

मिरचीची शेंड्याची पानं आखडायला लागली तेव्हा त्यांना वाटलं, आत ऊब जास्त होते आहे. त्यांनी पाणी वाढवलं. पानं आणखी आखडली.

वाडीला लागून रेजिना डिमेलोंचा मोगरा आहे. त्या रोज फुलांच्या पिशव्या स्कूटरला अडकवून जातात. वयाने जयवंतभाऊंच्याच बरोबरीच्या, आणि जिभेला हाड नाही.

"काय रे जयवंतभाऊ, मच्छरदाणी कोणाला लावलीस? रोपांना डेंगू होतो काय?"

"जितूने आणली. किडा येत नाय म्हणतो."

"येत नाय, तर मग या मुंग्या कुठं चालल्यात लग्नाला?"

जयवंतभाऊ वाकले. बांबूवरून काळ्या मुंग्यांची रांग जाळीच्या एका फटीतून आत जात होती. मुंग्या चिकट गोडाच्या मागे जातात आणि तो चिकटा मावा सोडतो, हे त्यांना न कळण्यासारखं नव्हतं. त्यांनी घरातून जेवणाचं पांढरं ताट आणलं, जाळी वर केली, मिरचीचं एक रोप ताटावर वाकवून झटकलं. ताटात हिरवट-काळे ठिपके पडले आणि हळूहळू चालायला लागले.

रेजिनाबाई स्कूटर लावून आत आल्या. त्यांनी चवळीची एक फांदी उलटी केली. देठ दिसत नव्हता, इतका मावा होता.

"चवळी आत ठेवलीस?"

"मीरा ठेवायची."

"मीरा उघड्यावर ठेवायची, बाबा. तू मावा आत घेतलास, आणि त्याला खाणाऱ्याला बाहेर ठेवलंस."

जयवंतभाऊंनी हातातलं ताट खाली ठेवलं. रेजिनाबाईंना आपण जास्त बोललो असं वाटलं असावं. "काढ ती जाळी," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि एका टोकाला स्वतः हात घातला.

जितेंद्रला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "औषध मारा ना मग. मी संध्याकाळी आणून देतो." पण औषधाने मावा मेला असता तसे नंतर येणारे ढालकिडेही मेले असते. जयवंतभाऊंनी नको म्हटलं. जास्त आखडलेले शेंडे खुडून त्यांनी पिशवीत बांधून दूर टाकले. उरलेल्या रोपांना तळहाताचा आधार देऊन, पानं उलटी करून, पाण्याच्या बारीक धारेने एकेक धुतलं. कंबर धरली की तिथेच मातीत बसायचे. मुंग्यांच्या वाटेवर राख टाकली. चवळी तशीच ठेवली. मग वाट बघण्यापलीकडे काही उरलं नाही. या दिवसांत जितेंद्रने बोळिंजच्या खोलीचा फोटो पाठवला. खिडकीला नवा पडदा होता. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला, असं ते मला नंतर म्हणाले.

ढालकिडे आले. आधी चवळीवर, मग मिरचीवर. त्यांची काळी, काटेरी पिल्लं माव्यावर तुटून पडली. मिरचीचा एक वाफा तरीही गेला, पण बाकीच्या मिरचीने नवी पानं टाकली आणि वांगी तर अशी उभी राहिली की रस्त्यावरून दिसत होती.

रविवारी जितेंद्र आणि त्याची बायको अश्लेषा आले. वाफ्यांमधून फिरले.

"जिंकलात बाबा," जितेंद्र म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता.

अश्लेषा म्हणाली, "मी कपाटसुद्धा रिकामं केलं होतं तुमच्यासाठी." मग जितेंद्रकडे वळून, "आता चिरागचं टेबल त्या खोलीत टाकू या का? त्याला दहावीला लागेल."

"टाका, टाका," जयवंतभाऊ घाईने म्हणाले. "नातवाला खोली पाहिजेच."

चहा झाला. पिशवीभर केळी घेऊन दोघं निघाले. फाटकाशी जितेंद्र म्हणाला, "शब्द दिलाय, आता पुन्हा विषय काढणार नाही." आणि त्याने तो पाळला आहे.

मी गेलो तेव्हा वाफे जवळजवळ रिकामे झाले होते. जुनी गिऱ्हाइकं परत आली होती. जयवंतभाऊंनी माझ्यासाठी राखलेली वांग्याची रोपं केळीच्या खोडाच्या ओल्या सोपात बांधली. मी पैसे दिले, तरी ते जुडी हातातच धरून उभे राहिले.

"रोज पान उलटून बघायचं. काय दिसलं तर मला फोन करायचा."

"करीन."

जुडी माझ्या हातात देताना ते म्हणाले, "नाय दिसलं तरी करा."