काटा काढणारी बाई

रविवारची दुपार. जेवण झालंय, पडदा ओढलाय, डोळे मिटत चाललेत आणि उशीशेजारी तो पिवळा डबा उघडाच आहे. फोटोच्या कागदाचा डबा. सकाळी जयसिंगरावांच्या बायको, शकुंतलावहिनी, देऊन गेल्या. "ह्यांच्या स्टुडिओच्या माळ्यावर सापडला, बाई. तुमचंच दिसतंय." माझंच आहे. पेराएवढी मातीची माणसं, कापसात निजवलेली. खांबाला टेकलेला पोस्टमन, खड्ड्यातल्या पाण्यात गळ टाकून बसलेला म्हातारा, गटाराच्या जाळीवर दंड थोपटणारा पैलवान.

ही माणसं मी कितीतरी वर्षं कोल्हापूरच्या भिंतींच्या भेगांत, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत ठेवत आले. मी ठेवायचं, जयसिंगरावांनी फोटो काढायचा, आणि उतारा टाकल्यासारखं मागे न बघता मी निघून जायचं. ज्याला सापडेल त्याचं, असं आमचं ठरलेलं. जयसिंगराव कॅमेरा आवरायला मागे थांबायचे आणि नंतर शाळेत माझ्या चित्रकलेच्या वर्गाबाहेर येऊन सांगायचे, कुणी काय नेलं ते. पोस्टमन एका मुलीने कंपासपेटीत घातला. पैलवान एका भेळवाल्याच्या गाडीवर जाऊन बसला. त्या गोष्टींवर मी जगत होते. कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी खिशात माझं काहीतरी आहे, एवढं मला पुरायचं. आणि सगळे इथे, कापसात.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. केसाने गळा कापला त्याने माझा.

पंख्याचा आवाज लांब जातो. समोर भिंत आहे, रंकाळ्याच्या कडेची, तिच्यातली भेग माझ्या ओळखीची. मी आत पाय ठेवते आणि भेगेची गल्ली होते. गल्लीच्या टोकाला जयसिंगराव उभे. बाह्या दुमडलेला तोच चौकडीचा शर्ट.

"हलू नका, बाई. उजेड चांगला हाय."

"डबा सापडला," मी म्हणते.

ते कॅमेऱ्यावरून डोळा काढत नाहीत. "तिला म्हटलंतं, माळ्यावर चढू नको म्हणून."

"जिवंत असता तर तोंड बघितलं नसतं तुमचं."

"मग आता बघा की निवांत."

मला हसू येतं आणि त्याचाच राग येतो. हा माणूस असाच करायचा. भांडायला जावं आणि चहा पिऊन परत यावं.

आम्ही स्टुडिओत आहोत. लाल दिवा लागलाय. ट्रेमधल्या पाण्यात कागद हलतोय, त्यावर हळूहळू रस्ता उमटतो, रस्त्यावर एक बाई झाडू मारत येते आणि माझा पोस्टमन पानांबरोबर सुपलीत जातो. फोटोतली बाई पुढे निघून जाते. जयसिंगराव बोटाने कागद हलवत राहतात.

"हे पैल्या दिवशीचं. कचऱ्यातनं काढला मी त्याला, धुतला. सांगायला तुमच्या वर्गाशी आलो. तुम्ही विचारलं, कुणी नेला? तुमचं तोंड बघून जीभच उचलंना."

"म्हणून मुलगी बनवलीत."

"कंपासपेटीसकट."

"आणि मग प्रत्येकाला असंच कुणीतरी?"

"मग काय करणार? एकदा सांगितलं की पुढं सांगायलाच लागतंय. माणसं जायची बाजूनं, बाई. बघायचीच न्हाईत. मी ताटकळत बसायचो, कुणीतरी वाकंल म्हणून. शेवटी उचलून खिशात."

"मला सांगायचं होतंत. मी सोडून दिलं असतं, नाहीतर मोठं काही केलं असतं. मला काय झेपतं ते तुम्ही कोण ठरवणार? दया केलीत माझ्यावर. मागितली होती मी?"

ते ट्रेवर वाकतात. लाल उजेडात त्यांचं टक्कल चमकतंय. त्यांच्याबद्दल माया वाटते आणि ती मला नको आहे.

"एक मात्र न्हाई उचलली," ते म्हणतात.

आम्ही एका बोळात आहोत. विजेच्या डब्याखाली भिंतीत कोनाडा. त्यात मी ठेवलेली बाई, एक पाय गुडघ्यावर घेऊन तळव्यातला काटा काढणारी. तिच्या पाठीचा बाक मी चार वेळा मोडून केला होता. आता पाठ दिसत नाही. कुंकवाचे थर बसलेत, पुढे झेंडूची फुलं आणि बाभळीच्या काट्यांचा एवढाला ढीग. एक म्हातारी चप्पल काढून उभी आहे. ती एक काटा ढिगावर ठेवते, बाईच्या पायाला बोट लावते, तेच बोट स्वतःच्या गुडघ्याला लावते आणि लंगडत निघून जाते.

"काट्याई म्हणत्यात. पाय दुखणाऱ्याला गुण येतोय म्हणं."

मी कोनाड्याजवळ वाकते. "इतक्या खोट्या गोष्टी सांगितल्यात, आणि खरी घडली ती एवढी एकच लपवलीत?"

ते खाली बघतात. लेन्सचं झाकण घालतात, काढतात, घालतात. मी या माणसाला ओळखते.

"पहिलं कुंकू कुणी लावलं, जयसिंगराव?"

"झाडूवाली आलती बोळात." ते झाकणाशीच बोलतात. "अंबाबाईची पुडी खिशात हुती. कुंकू लावलं की कोण झाडत न्हाई. दुसरं काय सुचंना."

म्हणजे हेही तुमचंच. मी वळते. मागे बघायचं नाही, हा माझाच नियम.

"बाई," पाठीमागून आवाज येतो. "दुसरं मी न्हाई लावलं."

पंखा फिरतोय. पडद्याच्या कडेने ऊन आत आलंय. डबा अजून उघडाच. मी कापूस उपसते, तळापर्यंत. पोस्टमन आहे, पैलवान आहे, गळ टाकलेला म्हातारा आहे. ती नाही.

नसेल. कुठेतरी पडली असेल, फुटली असेल. त्या माणसाच्या शब्दावर मी पुन्हा विश्वास ठेवणार नाही, जिवंतपणी नाही आणि आता तर नाहीच. तोंड धुवावं म्हणून पाय खाली टाकते आणि तळव्यातून कळ थेट डोक्यात जाते.

मी पलंगाच्या काठावर बसते, पाय गुडघ्यावर घेते, पाठ वाकवते. बाभळीचा काटा आहे, बोटभर लांब. देठाकडून कुंकवाने लाल झालेला. मी तो नखांत धरते आणि हळूच ओढायला लागते.