खंडेनवमीचा हार आणि शोभाताईंची खुर्ची

अन्याय झाला शोभाताईंवर. २००३ साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी अकरा वाजता, कोल्हापुरातल्या एका छापखान्यात, सगळ्या कामगारांसमोर.

"शोभा, उद्यापास्नं बाइंडिंगला बस," मालक अण्णा म्हणाले. "तुझ्या लिनक्सनं काम थांबवलंय."

शोभाताई मूळच्या गडहिंग्लजच्या, इथं डीटीपी ऑपरेटर. आजऱ्याच्या काजूच्या पाकिटांची लेबलं त्याच करायच्या. मी तेव्हा लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीच्या, प्रचाराची पत्रकं वाटायचो. सहा महिन्यांपूर्वी त्यातलं एक वाचून त्यांनी अण्णांना एका जुन्या मशीनवर लिनक्सचा सर्व्हर करायला लावलं. सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारं मशीन. त्यावर सांबा नावाचा प्रोग्रॅम असतो, म्हणून विंडोजच्या कॉम्प्युटरला त्यातले फोल्डर दिसतात. बसवून मी दिला होता. त्यामुळं ताईंनी मलाच फोन केला.

"उरलेली पत्रकं घेऊन या. बाइंडिंगला रद्दी लागते."

गेलो. अण्णांचे मेहुणे तिथं हजर. त्यांचा कॉम्प्युटर विक्रीचा धंदा. दसऱ्याचं सोनं द्यायला आले ते नवा विंडोज सर्व्हर गाडीत घालूनच. मला बघून खूश झाले.

"या पावणं. तुमच्यासमोरच दाखवतो."

लेबलाची एकच फाइल दोन्ही सर्व्हरवर ठेवलेली. ताईंच्या कॉम्प्युटरवर ती विंडोजवरून दहा सेकंदांत आली. लिनक्सवरून यायला मिनिटाच्या वर लागलं.

"फुकटचं हाय," मेहुणे म्हणाले. "फुकटचं असंच चालायचं."

मी पेटलो. मक्तेदारी, स्वातंत्र्य, सगळं ओठावर आलं. ताईंनी हात वर केला.

"भाषण नंतर. अण्णा, शुक्रवारी ह्येच मशीन पळत होतं की न्हाय?"

"व्हय."

"मग मधी काय झालं?"

"मधी काय व्हायचंय? खंडेनवमी झाली. समदी मशिनं मी सोता पुसली, पूजा केली."

"वायरी काढून?"

"मग? वायरीसकट पुसायची व्हय?"

मी टेबलाखाली वाकलो. तिथं दोन डबे होते. एक नवा स्विच, एक जुना हब. दोन्हींचं काम कॉम्प्युटर जोडायचं, पण हब स्विचच्या एक दशांश वेगानं चालतो. स्विचवर झेंडूचा जाडजूड हार होता. मेहुण्यांनी तो बाजूला सारून आपली वायर स्विचमध्ये घातली होती. लिनक्सची वायर हबमध्ये होती, तिच्या टोकाला हळदकुंकू.

"अण्णा, ही इथं कशी?"

"ही एकच राह्यली हुती, आन हार आडवा येत हुता," अण्णा पुटपुटले. "पूजेचा हार वाळल्याबगर कसा काढायचा? शेजारी भोक मोकळं दिसलं, घातली."

बाइंडिंगच्या टेबलावरून कोणीतरी खुदकन हसलं.

हार ताईंनीच उचलून स्विचच्या बाजूला ठेवला. लिनक्सची वायर स्विचमध्ये घातली. तीच फाइल, तोच कॉम्प्युटर. विंडोज दहा सेकंद, लिनक्स अकरा. पत्रकं वाटतो म्हणून खोटं लिहिणार नाही: एका सेकंदानं आम्ही हरलो. समोर नवंकोरं मशीन होतं, आमचं जुनं.

"बघा, आमचंच फास्ट," मेहुणे म्हणाले.

"एका सेकंदात माझं एक लेबलबी छापून हुईत न्हाय," अण्णा मेहुण्यांना म्हणाले. "पावणं, जेवून जावा. जाताना तुमचं मशीनबी घिऊन जावा."

मग ताईंकडं न बघता म्हणाले, "शोभा, काजूची लेबलं राहिल्यात."

"माफी राहिली," ताई म्हणाल्या.

अण्णांनी मागितली. सगळ्या कामगारांसमोर, जिथं अपमान केला होता तिथंच.

धडा एवढाच, की यंत्रांची शर्यत लावण्याआधी रस्ता एकच आहे का ते बघावं. तुमच्या ऑफिसात कोणी असा मुकाबला दाखवायला आला, तर टाळ्या वाजवू नका. उठा, टेबलाखाली वाका, दोन्ही वायरींची अदलाबदल करा आणि परत मोजायला लावा. ते होईपर्यंत कुणाचीही खुर्ची हलवू देऊ नका.