राहून गेलेली पिठाची मूठ

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आमच्या मंडळीत प्रभुभोजनासाठी जी भाकर मोडली जाते, ती घरोघरी मागून आणलेल्या पिठाची असते. पुरुषोत्तमनगरच्या अलीकडे, उसाच्या मळ्यांना लागून आमची लहानशी वस्ती आहे. येथे आलेली पहिली ख्रिस्ती कुटुंबे निरनिराळ्या गावांहून, पोटापाण्यासाठी आली. कोणी ज्वारी खाणारे, कोणी बाजरी, तर सातपुड्यातून उतरलेले नाचणी आणि भगर खाणारे. तेव्हा कोणा शहाण्या माणसाने ठरवले, की वर्षाची पहिली भाकर प्रत्येक घरच्या एकेका मुठीची असावी. हे कोणत्याही धर्मग्रंथात लिहिलेले नाही. तरीही आमच्याकडे ते पाळले जाते. ती भाकर रंगाने मातकट होते आणि थापताना कडेला चिरते. तिला तशीच ओळखायची आम्हाला सवय आहे.

गेल्या वर्षी हे पीठ आमच्या घरी जमा व्हायचे होते. माझ्या पत्नीने मंडळीतल्या दोन सुनांना मागायला पाठवले आणि जाताना सांगितले, की कडुनिंबाजवळच्या घरी जाऊ नका. त्या घरातला कर्ता माणूस नाताळाच्या थोडे आधीच गेला होता. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, मंडळीत पुढच्या बाकावर बसून गीताचा सूर धरणारा माणूस. मागे त्याची बायको एकटीच राहिली होती. अशा घरी जाऊन पीठ काय मागायचे, असे पत्नीचे म्हणणे होते, आणि मलाही ते योग्यच वाटले.

त्या घरासाठी मंडळीने काही कमी केले होते असे नाही. तापीकाठच्या आमच्या गुजर शेजाऱ्यांत दुःखाच्या घरी चूल पेटू देत नाहीत. सोयरे-शेजारी डबे पोहोचवतात. त्यांनी त्या बाईकडेही डबे पाठवले आणि आमच्या बायकांनीही पाठवले. रोज संध्याकाळी कोणी ना कोणी प्रार्थनेला जाऊन बसत असे.

पहिल्या तारखेला सकाळी मी प्रार्थनामंदिर उघडायला निघालो. पाळकांनी त्या दिवशी बोध करण्याचे काम मला दिले होते. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवल्यामुळे मला विषय नीट मांडून बोलायची सवय आहे, आणि विषयही मनाजोगा मिळाला होता: नव्या वर्षात आधी काय आणि मागाहून काय. प्रार्थना आधी की प्रपंच, वचनाचे मनन आधी की मोबाइल, असा क्रम मी मनात लावत चाललो होतो.

कडुनिंबाजवळ ती बाई अंगणात उभी दिसली. कपडे नेहमीचेच होते. उपासनेला निघण्याची तयारी काही दिसत नव्हती. मी नव्या वर्षाचे आशीर्वाद दिले. तिने हात जोडले आणि, तुम्ही व्हा पुढे, मी आज येत नाही, असे आमच्या भागातल्या अहिराणीत सांगितले. प्रकृती बरी नाही का, म्हणून मी विचारले. ती आत गेली आणि फडक्याने झाकलेली एक वाटी घेऊन बाहेर आली. वाटीत ज्वारीचे पीठ होते. ते मूठभरच होते, पण फार बारीक चाळलेले होते.

ती म्हणाली, "गुरुजी, मन्हा घरनी मूठ कोनी लिधी नही. दोन्ही सुना मन्हा दारवरथून गयात. मंग मी मंडळीमा शे का नही, तेवढं सांगी द्या."

आपण मंडळीत आहोत की नाही, हे विचारताना तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर सोपे गेले असते. सुनांनी तुझ्या दुःखाचा मान राखला, असे मी सांगितले. तिने ऐकून घेतले आणि वाटीवरचे फडके पुन्हा सारखे केले. नवरा असेपर्यंत दर वर्षी तोच दाराशी उभा राहून मूठ घालत असे, एवढेच ती बोलली.

मी मंदिराकडे न जाता घरी परतलो. वाटेत मला जुन्या शास्त्रांतला अशौचाचा विचार आठवत होता. दुःखाच्या घराला लोकव्यवहारापासून काही दिवस मोकळे ठेवावे, यात मुळात मोठी करुणा असावी असे मला नेहमी वाटत आले आहे. आमच्या घराण्याला ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या. सुतक आम्ही पाळत नाही, असे विचारले तर ठामपणे सांगू. आणि तरीही त्या घरचे पीठ आम्ही कोणी मागितले नव्हते. त्या बाईला देण्यात आम्ही उणे पडलो नव्हतो. तिच्याकडून घ्यायचे मात्र राहून गेले होते. ज्याच्याकडून कोणी काही घेतच नाही, तो माणूस पंगतीत बसूनही परकाच.

घरी पत्नीने पीठ मळून गोळा झाकून ठेवला होता आणि तवा चुलीवर चढवला होता. मी तिला सारे सांगितले. ते ऐकून तिने तवा खाली उतरवला आणि विस्तव मागे ओढला.

तेवढ्यात पाळक मोटारसायकलवरून आले. त्यांना आमची उपासना आटोपून दुसऱ्या मंडळीत पोहोचायचे होते, आणि तिथले लोक डोंगरातून पायी चालत येणार होते. ते तरुण आणि वक्तशीर आहेत. झालेला प्रकार ऐकून, पीठ पुढल्या वर्षी आठवणीने घेऊ, आज त्या बाईंसाठी वेगळी प्रार्थना करू, असे त्यांनी सुचवले. त्यांची अडचण खरी होती. मी म्हटले, ती बाई जर आज आली नाही तर पुढल्या वर्षी येईल असे मला वाटत नाही.

पाळकांनी घड्याळाकडे पाहिले. पत्नी त्यांना म्हणाली, "तुम्ही मंदिरात जाऊन गीतं सुरू करा." मग माझ्याकडे वळून, "आणि अहो, तुम्ही बोध तेवढा आखडता घ्या, म्हणजे वेळेचं सगळं जमेल." मी मंदिराची किल्ली दिली, आणि पाळक हसू दाबत मोटारसायकलकडे वळले.

मग पत्नी स्वतःच कडुनिंबाच्या घरी गेली. तिथे दोघींचे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. थोड्या वेळाने दोघी बरोबर आल्या. बाईने पातळ बदलले होते, पण ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबली. पत्नीने परातीतला गोळा मोडून मोकळा केला आणि तिला म्हणाली, "घाल माय, तुझ्या हातानं घाल. आणि थापायलाही तूच बस."

"मन्हा हातनं?" तिने विचारले.

पत्नी पाटावरून उठून बाजूला झाली. बाईने उंबरा ओलांडला, पाटावर बसली आणि वाटीतले पीठ त्या गोळ्यात मिसळू लागली. मळलेल्या पिठात कोरडे पीठ सहज मुरत नाही. ती पाण्याचा हात लावून बराच वेळ मळत राहिली, आणि मळतानाच तिचे डोळे वाहू लागले. मंदिरातून गीताचा आवाज येत होता. सूर थोडा चढा लागला होता. तो धरणारा माणूस आता नव्हता.

भाकर नेहमीपेक्षा जास्त चिरली. ती स्वच्छ फडक्यात गुंडाळून बाईनेच मंदिरात नेली. सगळे बाकांवर वळून पाहत होते. काहींनी उशिराबद्दल कुजबुजही केली. मी मनात लावलेला क्रम बाजूला ठेवला. भाकर उशिरा का आली, एवढेच मंडळीला सांगितले आणि खाली बसलो. त्या दोन सुनांपैकी एकीने मान खाली घातली; दुसरी उठली आणि त्या बाईच्या शेजारी जाऊन बसली. पाळकांनी भाकर मोडली. ताट तिच्यापाशी आले तेव्हा ती क्षणभर थबकली, आणि मग तिने आपला तुकडा उचलला. दुसऱ्या मंडळीला पाळक उशिराच पोहोचले. तिथल्या लोकांनी त्यांना काय ऐकवले, ते त्यांनी आम्हाला पुढे हसत सांगितले.

यंदा आमच्या मागच्या गल्लीत एक घर दुःखात आहे. नव्या वर्षाचे पीठ मागायला मंडळीने या वेळी त्याच बाईला नेमले. ती परात घेऊन निघाली आणि सर्वांत आधी त्या घरी गेली.