ढब्बू कसा जेवला?

मावशींचा स्वभाव फटकळ, पण कुत्र्यांवर जीव असा की विचारू नका! गावाला जाणारी माणसं आपली कुत्री जिथे ठेवून जातात, त्या वसतिगृहात त्या कामाला होत्या. गिऱ्हाइकं बहुतेक मराठी न कळणारी. रोज संध्याकाळी प्रत्येकाला फोनवर दोन वाक्यं इंग्रजीत बोलून पाठवायची, हेही मावशींच्याच गळ्यात पडलं होतं.

"नुसतं जेवला म्हणू नका, कसा जेवला ते सांगा," वसतिगृहाचे मालक म्हणाले आणि त्यांना एक शब्द शिकवला, 'हॅपिली'. झालं! कुत्री हॅपिली जेवू लागली, हॅपिली झोपू लागली. एकाने तर डॉक्टरांकडून इंजेक्शनही हॅपिली घेतलं.

हे ऐकून सून पोट धरधरून हसली. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती सासूला शिकवू लागली. "आई, आधी कुत्र्याकडे बघा, मग शब्द निवडा. भराभर खाल्लं तर 'क्विकली', मचमच आवाज केला तर 'नॉइझिली'." मावशींना नादच लागला. आता त्या ताटल्यांसमोर उकिडव्या बसून एकेकाला न्याहाळायच्या.

मग ढब्बू आला. त्याच्या मालकीणबाई लेकीकडे परदेशी गेलेल्या. गडी एक घास खायचा, फाटकाकडे बघायचा, पुन्हा एक घास. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. मावशी विचारात पडल्या. 'स्लोली' म्हणावं? पण सावकाश तर म्हातारी कुत्रीही खातात. हा सावकाश नव्हता, हा उदास होता.

"सॅडली," मावशी म्हणाल्या.

"वेड लागलंय का?" मालक उसळले. "हॅपिलीच म्हणायचं! बाईंची तक्रार आली तर उद्यापासून घरी बसा."

मावशींनी फोन हातात घेतला. या वयात दुसरं काम कोण देणार? आणि या मुक्या लेकरांशिवाय करमायचं कसं? पण समोर ढब्बू फाटकाकडे डोळे लावून बसलेला. त्यांनी फोन तोंडाशी धरला. "ढब्बू ईट सॅडली. लुक गेट. ईट. अगेन लुक गेट."

सकाळीच बाईंचा फोन. पलीकडे चक्क हुंदके. मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. मावशींनी घाबरत विचारलं, "काय म्हणतात हो?"

मालकांनी फोन खाली ठेवला. "म्हणतात, लेक कामात, नातवंडं शाळेत, मी आले काय नि गेले काय, इथे कोणाचं काही अडत नाही. वाटायचं, ढब्बूसुद्धा विसरला. तुमच्या मावशींचं बोलणं रात्रीपासून दहादा ऐकलं. त्यांना म्हणावं, देव तुमचं भलं करो."

"अगं बाई!" मावशींनी पदराने डोळे टिपले.

ही गोष्ट गिऱ्हाइकांत पसरायला कितीसा वेळ लागणार? दोन दिवसांत एका साहेबांचा रुसका फोन आला. आमची पांढरी कुत्री तेवढी रोज हॅपिली कशी जेवते? मालक धावत आले. "मावशी, तिलाही सॅडली म्हणून टाका. सगळ्यांनाच सॅडली म्हणा!"

मावशींनी पांढरीकडे बघितलं. स्वतःची ताटली चाटूनपुसून साफ करून ती शेजारणीच्या ताटलीत तोंड घालत होती.

"नाही हो जमायचं," मावशी म्हणाल्या. "त्या साहेबांना वाईट वाटेल, पण या भवानीला त्यांची आठवणसुद्धा नाही."

मालकांनी कपाळावर हात मारून घेतला. कामावरून काढायचं मात्र नाव काढलं नाही.