खरबुजाचा वास

आप्पांना पावाची किळस होती. साधी नावड नव्हे. नावड माणसाला भेंडीची असते, वारंवार येणाऱ्या पाहुण्याची असते. ही किळस होती. अंधारात अनवाणी पायाखाली गोगलगाय यावी आणि ती काय आहे ते पायालाच आधी कळावं, तशी. पावाच्या दुकानाजवळ आले की ते रस्ता ओलांडून पलीकडून जात, आणि समोर कुणी चहात पाव बुडवायला घेतला की मान वळवून खिडकीबाहेर बघत बसत.

आणि या माणसाने एकतीस वर्षं पावाच्या कारखान्यात पीठ मळलं होतं. मळायच्या यंत्रापाशी उभं राहून, भुवयांपर्यंत पांढरं होऊन. तिथे त्यांना नाकदादा म्हणत. पीठ फुगलं की नाही हे बघायला बाकीच्यांना घड्याळ लागे, बोट खुपसावं लागे. नाकदादा दारातून आत येता येता वासावरून सांगत, "अजून वीस मिनिटं," आणि वीस म्हणजे वीसच. मुलगा पंप दुरुस्तीचं काम करायचा. अजूनही चारचौघांत तो छाती फुगवून म्हणे, "माझ्या बापाच्या हातचा पाव खाऊन मी एवढा झालो." तो असं म्हणाला की आप्पा उठून हात धुवायला जात. हात स्वच्छ असले तरी जात.

अशा माणसाच्या घरात सुनेने पाव भाजायला घ्यावा, याला काय म्हणायचं?

सूनबाई शर्टांना बटणं लावायच्या कारखान्यात होती. तो बंद पडला आणि तिच्या हातांना घरात चैन पडेना. महिनाभर तिने कपाटं आवरली, मग आवरलेली कपाटं पुन्हा आवरली, आणि मग एक दिवस हप्त्यावर ओव्हन घरात आला. पहिला पाव दाराला टेकण म्हणून लावता आला असता. दुसरा बाहेरून काळा आणि आतून ओला. पण बाई चिवट. चौथ्यापासून जमू लागला, आणि जमू लागला तशी तिला नसती बुद्धी सुचू लागली. बीटाचा पाव केला. तो कापल्यावर त्याला डॉक्टरकडे न्यावंसं वाटत होतं. संत्र्याच्या सालीचा केला, कॉफीचा केला, करपवलेल्या कांद्याचा केला. लसूण आणि मध एकत्र घालून एक केला, तेव्हा तर नवऱ्यानेही जेवताना फोन आल्याचं नाटक केलं.

आणि ओट्याच्या कोपऱ्यात काचेच्या बरणीत तिने पाव फुगवायचं आंबवण पाळलं होतं. पाळलं हाच शब्द बरोबर. सकाळ-संध्याकाळ ते पीठ खाई, पाणी पिई, फुगून वर येई आणि मधूनच एखादा बुडबुडा फुटून नि:श्वास टाकी. बरणीच्या काठाला त्याचे वाळलेले ओघळ, वर करड्या पाण्याचा थर. आप्पांना किळस आल्याशिवाय तिकडे बघवत नसे.

"सूनबाई, तुझ्या त्या जनावराला झाकण लाव."

"घट्ट लावलं तर गुदमरेल ते, आप्पा."

"मग मी गुदमरतो. माझं काय."

ती हसे. सासऱ्याचं नाक मुरडणं तिने कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण त्या नाकाचा तिला उपयोग होता. प्रत्येक वेळी भांडं घेऊन ती त्यांच्या खाटेपाशी येई. "आप्पा, चालेल का?" आप्पा तोंड वाकडं करून, हातभर लांबून सांगत, "साल पांढऱ्या भागासकट किसलीस. कडू होणार." नाहीतर, "कॉफी जुनी आहे." आणि तसंच निघे. घास मात्र त्यांनी एकदाही तोंडात घेतला नाही.

मग गल्लीच्या टोकाच्या पाळणाघरवाल्या ताईंनी तो कांद्याचा पाव खाल्ला आणि विचारलं, सोमवारी मुलांच्या न्याहारीला दहा पाव देशील का? साधे, मऊ. मुलांना आवडले तर दर सोमवारी.

"बाहेरच्या माणसानं आपण होऊन मागितलं, आप्पा," सूनबाई म्हणाली. कारखाना बंद झाल्यापासून तिचा आवाज असा लागला नव्हता. नवऱ्याने रात्री जेवताना दोनदा विचारलं, "किती, दहा?" आणि तिने दोनदा अभिमानाने सांगितलं, "दहा."

गुरुवारी तिने नमुन्याचा एक पाव केला. आप्पा ओसरीत पेपर वाचत होते. आतून वास आला आणि त्यांनी पेपर नाकापुढे धरला. मळल्या पिठाचा नव्हे तो. शिळा पाव कोमट पाण्यात भिजला की जो आंबट, ओल्या पोत्यासारखा वास सुटतो, तो.

"उरलेल्या कडा भिजवून पिठात घातल्या," ती आतूनच म्हणाली. "चव कशी खोल होते बघा. माझं मीच शोधून काढलं."

आप्पांनी पेपर मिटला. हे त्यांनीही त्यांचं त्यांनीच शोधून काढलं होतं, सव्वीस वर्षांचे असताना.

कालचा स्वच्छ पाव भिजवून आजच्या पिठात मिसळला की पाव चवदार होतो, हे त्यांनी मालकाला करून दाखवलं. मालकाने पाठ थोपटली, पीठ मळणाऱ्यांचा मुख्य केलं. महिनाभर भिजवायच्या पिंपात कालचाच पाव पडत होता. मग मालक म्हणाला, दोन दिवसांचा का नको? मग दुकानांतून परत आलेला चार दिवसांचा आला, चेंगरलेला आला, हिरवे ठिपके पडलेला आला. ठिपके चिमटीने काढायचे आणि बाकीचा पिंपात. भिंतीमागच्या त्या पिंपावर फेस असे, फेसावर माश्या असत, आणि रोज सकाळी मालक नाकाला रुमाल लावून येई. "नाकदादा, चालेल का?" ज्याला सगळ्यात जास्त वास येत होता तोच माणूस म्हणे, "चालेल." पहिल्यांदा तो शब्द त्याने मान वळवून म्हटला. नंतर तो खोकल्यासारखा आपोआप येऊ लागला.

उन्हाळ्यात त्या पावाला तार यायची. भट्टीतून निघताना पाव देखणा. दीड-दोन दिवसांनी आतून चिकट. तोडून ओढला तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटायचे. आणि वास घाण नाही, गोड. पिकून उतरलेल्या खरबुजाचा. लोकांची पोटं बिघडत. लोक पाण्याला नावं ठेवत, उन्हाला नावं ठेवत. पावाला कुणीच नाही.

शनिवारी ऊन असं होतं की ओटाही गरम लागत होता. सूनबाई भांडं घेऊन आली. गुरुवारचा अर्धा पाव तिने त्यात भिजवला होता.

"आप्पा, वास घ्या. गंमत आहे. फळ काही घातलं नाही मी, तरी फळासारखा येतोय. खरबुजासारखा. उद्या दहाही पावांत हेच घालते, मुलं खूश होतील. चालेल का?"

भांडं नाकाखाली होतं. आप्पांना सगळं कळलं. आणि त्यांचं तोंड म्हणालं, "चालेल."

ती गेली. आप्पा खाटेवर आडवे झाले. जिभेवर केस आल्यासारखा तो शब्द तोंडात राहिला. पाणी प्यायले, गुळण्या केल्या, जाईना. आपलं नाक म्हातारं झालं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. नाकाने ऐकलं नाही.

रविवारी दुपारी दहा पाव ओट्यावर ओळीने निवत होते. तांबूस, फुगलेले, एकसारखे. वासही सुरेख. तिथेच तर मेख होती. उद्या सकाळी कुणाला काही कळणार नाही. दुपारी मुलं पोट धरून रडतील आणि ताई म्हणतील, हवाच वाईट आहे. आप्पांना फक्त खाटेवर पडून राहायचं होतं. एकतीस वर्षांच्या सरावाचं काम.

ते उठले. फडक्यात गुंडाळलेला गुरुवारच्या पावाचा तुकडा त्यांनी उचलला. कितीतरी वर्षांनी पाव हातात घेतला होता, बोटं आक्रसली. तो त्यांनी मोडला आणि हळूहळू दोन्ही हात लांब नेले. मध्ये बारीक, लकाकणारे धागे ताणले गेले.

सूनबाई बघत राहिली. "ई. हे काय?"

"तार. कुजलाय आतून. या दहांतही तेच आहे. भाजूनही मरत नाहीत त्याचे जंतू. टाकून दे."

"पण काल तुम्हीच चालेल म्हणालात."

"म्हणालो."

"वास आला नव्हता?"

"आला होता."

हातातलं फडकं तिने घडी घालून ठेवलं, उगीचच. मग आप्पांनी सांगितलं. पिंप, फेस, चिमटीने काढलेले ठिपके, रुमाल. शब्द कमी, पण एकही गाळला नाही. मुलगा दारात येऊन उभा राहिला होता, तो मध्येच हसला. "काय आप्पा, काहीतरीच. मग मी कसा जगलो? मी तर तोच पाव खाऊन मोठा झालो."

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं नाही. "तू तो कधी खाल्ला नाहीस. कारखान्यासमोर एक म्हातारा घरी पाव भाजायचा. त्याच्याकडून घ्यायचो. आपल्या कारखान्याच्या कागदात गुंडाळून आणायचो."

मुलाचं हसू ओठांवर तसंच राहिलं, काढून ठेवायला जागा नसल्यासारखं. "म्हणजे दुसऱ्यांच्या पोरांना तो," तो म्हणाला, "आणि मला हा."

"हो."

मुलगा निघून गेला. सूनबाईने आप्पांकडे बघितलं, आणि ती नजर आप्पांना ओळखीची वाटली. तिच्या बरणीकडे ते स्वतः तसंच बघत आले होते.

तिने दहा पाव एकेक करून पोत्यात भरले. त्यावर पाणी ओतलं, कुणी उचलून खाऊ नये म्हणून. मग ताईंना फोन लावला. "उद्या पाव नाही. खराब झाले. चूक आमच्या घरची आहे." पलीकडून ताई "बघू पुढे" म्हणाल्या, आणि ते बघू कसलं होतं हे सूनबाईला कळलं.

"आता काय करायचं?" तिने भिंतीकडे बघत विचारलं.

"व्हिनेगर आण. साचे, ओटा, भांडी, चमचे, सगळं त्यानं धुवायचं. आंबवण फेकायचं. राहिलं तर पुन्हा येईल."

धुतलं आप्पांनी. तिने करा म्हटलं नव्हतं, राहू द्याही म्हटलं नाही. संध्याकाळपर्यंत ते गुडघ्यांवर बसून साच्यांचे कोपरे काडीने कोरत होते. ते करडं, चिकट आंबवण मोरीत ओतताना त्यांना ओकारी आली. तोंड पुसून त्यांनी बरणी पुन्हा घासली. हलकं वगैरे काही वाटलं नाही. मुलाने ताट उचललं आणि ओसरीत जाऊन एकटाच जेवला. त्यानंतर चारचौघांत त्याने पावाचा विषय काढला नाही, आणि आप्पांना हात धुवायला उठावं लागलं नाही. तरी सवयीने ते उठत.

तीन आठवडे ओव्हनवर चादर होती. चौथ्या रविवारी सकाळी नव्या पिठाचा वास आला. कोवळा, दुधट. सूनबाई भांडं घेऊन खाटेपाशी आली. नेहमीपेक्षा जरा लांब उभी राहिली आणि हात लांब करून तिने भांडं पुढे धरलं. चालेल का, असं विचारलं नाही.

आप्पांनी वास घेतला. किळस गेली नव्हती, ती आता कायमचीच होती. पुन्हा घेतला. घाई केली नाही.

"चांगलं आहे," ते म्हणाले.

सूनबाईने मान हलवली. मग भांडं वळवून तिने ते स्वतःच्या नाकाशी नेलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.