टोप्या सांभाळणारे जमादार

आमच्या साखर कारखान्याच्या गेटवरच्या जमादारांच्या बगलेत ऐन हंगामात कायम कुणाची तरी टोपी असायची. स्वतःची नव्हे, दुसऱ्याची. कधीकधी तर दोन-दोन. नवख्याला वाटायचं, म्हातारा टोप्या विकतो की काय! खरा प्रकार वेगळा होता. आमच्याकडचा माणूस हाणामारीला उभा राहण्याआधी डोक्यावरची टोपी काढून शेजारच्याच्या हातात देतो, मळायला नको म्हणून. ही खूण जमादारांना पाठ होती. शेजाऱ्याचा हात पुढे यायच्या आत यांचा हात पुढे. "द्या पाटील, म्या सांभाळतो. गेटवरच्या खोलीत पाणी प्या आन् मग घेऊन जावा." टोपीसाठी माणसाला त्यांच्या मागोमाग जावंच लागे, आणि बोडक्या डोक्यानं वीस पावलं चालताना त्याचा निम्मा राग उतरलेला असे.

मी काट्यावर, म्हणजे उसाच्या बैलगाड्यांचं वजन करायला, क्लार्क म्हणून लागलो तेव्हा जमादार पन्नाशीच्या पुढे होते. गाव नळदुर्ग. खाकी कोटाला दोनच बटणं, आणि "अर्धाच द्या" म्हणत तीन कप चहा पिण्याची सवय. नवा क्लार्क असो की पहारेकरी, पहिले तीन दिवस ते त्याला गेटवर आपल्याशेजारी उभं करत. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. बोलायचं नाही, नुसतं बघायचं. "तोंड नका बघू भाऊसाब, हात बघा. वरडणारा वरडून मोकळा होतो. वरडता वरडता जो गप झाला, त्याच्याकडं आधी जायचं." मग परीक्षा. त्या पटकेवाल्याचं काय बिनसलंय? मी म्हणायचो, रांग. "रांग न्हाय. त्याचा बैल सकाळधरनं पाण्याला लागला न्हाय. आधी बैलाला पाणी दावा." आणि खरोखर, बैल पाणी प्यायला की मालक गार.

चौथ्या दिवशी मी माझी हुशारी दाखवली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून शेजाऱ्याकडे दिलेली पाहिली आणि जोरात शिट्टी फुंकली. दोन पहारेकऱ्यांनी धावत येऊन त्याचे दंड धरले. तो बिचारा सोनारीच्या भैरवनाथाचं नाव घेऊन गाडीच्या जुवावर डोकं टेकवणार होता! जमादार आले. मला वाटलं, आता झाडतात. पण ते एवढंच म्हणाले, "खूण चुकली तर चालतंय भाऊसाब, माफी चुकवायची न्हाय. जावा, हात जोडा." मी हात जोडले. म्हाताऱ्यानं हसून मला उसाचं एक कांडं दिलं.

स्वतः जमादारांनी काठी मात्र कधी हातात धरली नाही. कारखान्यानं दिलेली काठी खोलीच्या दारामागे धूळ खात पडली होती. का, असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "काठी आली की डोकं सुट्टीवर जातं." मला तेव्हा ती गंमत वाटली.

मग दुष्काळाचं साल आलं. विहिरी आटल्या. उभा ऊस वाळायच्या आत तुटून यावा म्हणून गाड्यांची रांग पार सडकेपर्यंत गेली. एका दुपारी ओव्हरसियरनं आपल्या सोयऱ्याच्या पाच गाड्या मधूनच काट्यावर घ्यायला सांगितल्या. मी नाही म्हणालो. त्यावर साऱ्या रांगेदेखत तो म्हणाला, "तुमच्या वस्तीतल्यांना खुर्ची दिली की ती डोक्यावर घेऊन नाचतात."

आमच्या घराण्यात पगारी नोकरी करणारा मी पहिला. ती नोकरी त्या क्षणी मला कवडीमोल वाटली. कोपऱ्यात लोखंडी पहार उभी होती. मनगटावरचं घड्याळ काढून मी टेबलावर कधी ठेवलं, हे मला आजही आठवत नाही. जमादारांनी ते पाहिलं. आत येऊन त्यांनी घड्याळ उचललं, खिशात टाकलं आणि माझ्याकडे पाठ करून ओव्हरसियरसमोर उभे राहिले. "साहेब, तुम्ही भाईर चला. रांग मोडायची न्हाय, आन् माणसाला असं बोलायचं बी न्हाय." गेटवरच्या माणसानं साहेबाला असं सुनावणं म्हणजे स्वतःच्या भाकरीवर पाय देणं होतं. ओव्हरसियर पाय आपटत निघून गेला.

खोलीत त्यांनी मला पाणी दिलं. मी त्यांच्यावरच ओरडलो, "मी ऐकून घ्यायचं का?"

"न्हाय घ्यायचं. कागद काढा, तक्रार लिवा, साक्षीला माझं नाव घाला. राग खरा हाय तुमचा, तो ठेवा. हात तेवढा उचलायचा न्हाय." मग दारामागच्या काठीकडे बघत म्हणाले, "म्या उचलला व्हता."

तरुणपणी ते कापसाच्या एका जिनिंगमध्ये पहाऱ्यावर होते. धोंडिबा नावाचा हमाल मजुरांची गाऱ्हाणी घेऊन पुढे आला. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला. "मला वाटलं, आला अंगावर. काठी घातली कमरेत. त्यो नुसता घाम पुसत व्हता, भाऊसाब." धोंडिबा पुन्हा कधी सरळ उभा राहिला नाही. नळदुर्गात तो जमादारांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. "दर जुम्म्याला जातो त्याच्याकडं. त्यो दार उघडतो, बसू देतो. एक शबुद बोलत न्हाय. वीस वर्सं झाली."

तक्रारीवर ओव्हरसियरची बदली गोदामाकडे झाली. जमादारांची बढती त्या वर्षी हुकली, पण ती गोष्ट त्यांनी कधी तोंडातून काढली नाही. माझी नोकरी टिकली, आणि एका माणसाचं डोकं फुटायचं वाचलं. हे ऋण आहे माझ्यावर.

ते निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. एका सकाळी निरोप आला, जमादार गेले. मी मिळेल त्या एसटीनं नळदुर्ग गाठलं आणि का कोण जाणे, आधी धोंडिबाचं घर विचारलं. कमरेतून पार वाकलेल्या एका म्हाताऱ्यानं दार उघडलं. त्याला अजून कुणी कळवलं नव्हतं. मी सांगितलं. तो चौकट धरून उभा राहिला. मला वाटलं, आता हा दार लावून घेणार.

"माती कधी हाय?" त्यानं विचारलं.

"दुपारच्या नमाजानंतर."

त्यानं पायात चपला सरकवल्या. कब्रस्तान दहा मिनिटांवर, आम्हाला पाऊण तास लागला. माझा हात त्यानं धरू दिला नाही. लोकांनी वाट करून दिली, तेव्हा सगळ्यांसारखी त्यानंही तीन मुठी माती टाकली. मग तळहात धोतराला पुसत तो माझ्याकडे वळला.

"आता जुम्म्याला कोण यायचं माझ्याकडं?"